‘काही शंका आहे का?’ असे विचारल्यावर मीटिंगमध्ये कोणीच का बोलत नाही

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्यात मी नोकरीला होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. दर सोमवारी सकाळी साडेआठ वाजता प्रॉडक्शन, क्वालिटी, स्टोअर्स आणि मेंटेनन्स या सगळ्यांची एकत्र मीटिंग होत असे. त्या दिवशी एका नव्या ऑर्डरचे वेळापत्रक ठरायचे होते, म्हणून मशीनवर काम करणारे एक ज्येष्ठ ऑपरेटरही बोलावले होते. वेळापत्रक फळ्यावर लिहून झाले, मॅनेजरसाहेबांनी “काही शंका आहे का?” असे विचारले, सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या आणि मीटिंग वेळेआधीच संपली. त्यानंतर गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेताना ते ऑपरेटर म्हणाले, “त्या फिक्स्चरची पिन घासलीय. दोनशे पीसनंतर भोक जागेवर राहणार नाही, बघा.” (फिक्स्चर म्हणजे काम चालू असताना भाग जागेवर पकडून ठेवणारे साधन.) मी विचारले, “मग काका, आत का नाही बोललात?” ते म्हणाले, “मागच्या महिन्यात बोललो होतो. तेव्हा साहेब म्हणाले, प्रॉब्लेम सांगू नका, सोल्युशन घेऊन या.”

तो लॉट तीन आठवड्यांनी ग्राहकाकडून परत आला. कारण शोधण्यासाठी पुन्हा मीटिंग झाली आणि तिथेही ते काका गप्पच होते. मीसुद्धा गप्प होतो. टपरीवरचे बोलणे मी वर कळवले नव्हते, कारण मी नवीन होतो, ते काम माझ्या विभागाचे नव्हते आणि ‘तुला कोणी सांगितले?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती. गेली अनेक वर्षे मी वेगवेगळ्या संस्थांमध्ये मीटिंग चालवण्याचे काम करतो आहे; ती पिन मात्र माझ्या डोक्यातून गेलेली नाही, कारण त्या खोलीत ज्याला माहीत हवे होते त्या माणसापासून माहिती जेमतेम सहा फुटांवर बसलेली होती.

मीटिंगमध्ये माणूस तोंड उघडण्याआधी मनातल्या मनात एक हिशेब करतो. बोललो तर अडाणी ठरेन का, कामात अडथळा आणणारा ठरेन का, कोणाची तरी चूक दाखवली म्हणून उद्या त्याची किंमत मोजावी लागेल का, हा त्या हिशेबाचा एक रकाना असतो. दुसऱ्या रकान्यात बोलण्याचा फायदा असतो, पण तो बहुधा कंपनीला होणार असतो आणि तोही काही आठवड्यांनी. नुकसान मात्र बोलणाऱ्याचे आणि ताबडतोब होते. अशा हिशेबात गप्प बसणे नेहमीच शहाणपणाचे ठरते. म्हणून गप्प बसणाऱ्याला भित्रा किंवा निरुत्साही म्हणणे चुकीचे आहे. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन मीटिंगला लावणे तर त्याहून चुकीचे आहे.

हा हिशेब ज्या गटात बोलण्याच्या बाजूने झुकतो, त्या गटात ‘मानसिक सुरक्षितता’ आहे असे म्हणतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी १९९९ साली एका उत्पादन कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून ही संकल्पना व्यवस्थापनाच्या क्षेत्रात रुजली. त्यांच्या मते ही एका माणसाच्या स्वभावातली गोष्ट नव्हे. या गटात प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळे मत मांडले तर आपल्याला कमीपणा येणार नाही, हा गटातील माणसांचा सामाईक विश्वास आहे. त्यामुळे एकाच कंपनीत एकाच मजल्यावर दोन टीममध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो आणि एका टीममध्ये मोकळेपणाने बोलणारा माणूस दुसरीत गेल्यावर मुका होऊ शकतो.

एडमंडसन या कल्पनेपर्यंत कशा पोहोचल्या, ते समजून घेण्यासारखे आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांच्या एका अभ्यासात सहभागी होत्या. ज्या वॉर्डांत परिचारिका आणि डॉक्टर यांचे काम एकदिलाने चालते तिथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. या आकड्यांची माहिती नसलेल्या एका सहकाऱ्याला त्या वॉर्डांचे निरीक्षण करायला पाठवले, तेव्हा उलगडा झाला. त्या वॉर्डांत चुका जास्त होत होत्या असे म्हणता येत नव्हते. तिथे त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत वरिष्ठ परिचारिकेच्या धाकाने त्या झाकल्या जात होत्या. म्हणजेच नोंदवहीतला कमी आकडा हा चांगल्या कामाचा पुरावा असेलच असे नाही, तो भीतीचाही पुरावा असू शकतो. आपल्याकडे ‘सगळं स्मूथ चाललंय’ असा रिपोर्ट महिनोन्महिने देणाऱ्या टीमकडे मी तेव्हापासून जरा थांबून पाहतो.

मानसिक सुरक्षितता म्हणजे गोड बोलणे, असा एक गैरसमज मला वारंवार आढळतो. सगळ्यांनी एकमेकांची वाहवा करावी, कोणाचे मन दुखवू नये, काम ढिले झाले तरी चालवून घ्यावे, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. जिथे कामाची अपेक्षा उंच आहे आणि बोलण्याची भीती मोठी आहे, तिथे माणसे काळजीने पोखरली जातात. जिथे भीती नाही आणि अपेक्षाही नाही, तिथे गप्पा छान रंगतात आणि काम होत नाही. दोन्ही एकत्र असतील तरच गट शिकत जातो. एखाद्याचे डिझाइन चुकले आहे असे त्याच्या समोर, सगळ्यांदेखत, कारणे देऊन म्हणता येणे आणि संध्याकाळी दोघांनी एकाच बसने घरी जाणे, हे या सुरक्षिततेचे खरे रूप आहे.

आता मीटिंग चालवण्याच्या कामाकडे येतो. शिक्षण आणि समाजकार्याच्या क्षेत्रात या कामासाठी ‘सुलभक’ हा चांगला मराठी शब्द रुळलेला आहे. कंपन्यांमध्ये फॅसिलिटेटर म्हणतात. सुलभक हा अध्यक्ष नव्हे, कारण निर्णय त्याने द्यायचा नसतो. तो सूत्रसंचालकही नव्हे, कारण त्याचे काम निवेदनाचे नसते. विषयाबद्दल त्याने तटस्थ राहायचे असते आणि पद्धतीबद्दल मात्र ठाम: कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे, कोण आधी बोलेल, कोणाचे राहून गेले, कशाची नोंद झाली. टीमचा प्रमुखच ही दोन्ही कामे करू लागला की अडचण होते, कारण ज्याचे मत सर्वांत वजनदार आहे तोच कोणाला बोलू द्यायचे हेही ठरवतो. शक्य असेल तिथे सुलभकाची जबाबदारी दर आठवड्याला वेगळ्या माणसाकडे द्यावी. त्यात कनिष्ठ सहकारीही आले पाहिजेत.

सुलभकाचे पहिले हत्यार म्हणजे प्रश्नाची भाषा, आणि मराठीत तर ते फारच धारदार आहे. “शुक्रवारपर्यंत होईल ना?” या प्रश्नातला शेवटचा ‘ना’ उत्तर आधीच देऊन टाकतो. “सगळ्यांना पटलं ना?”, “क्लिअर आहे ना?”, “जमेल ना?” या प्रश्नांना ‘नाही’ म्हणणे म्हणजे विचारणाऱ्याचा शब्द खाली पाडणे, आणि वडीलधाऱ्यांसमोर उलट बोलू नये हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे त्यांना ते जवळजवळ अशक्य असते. “काही शंका आहे का?” हा प्रश्नही फारसा बरा नाही, कारण शंका असणे म्हणजे आपल्याला समजले नाही अशी कबुली देणे होते. त्याऐवजी “शुक्रवारपर्यंत करायचे तर कुठे अडकेल असं वाटतं?” असे विचारले, की अडचण सांगणे हेच प्रश्नाचे उत्तर ठरते आणि सांगणारा माणूस विरोधक न राहता मदत करणारा होतो.

उत्तराची भाषाही ऐकावी लागते. “बघतो”, “करूया की”, “तसा काही प्रॉब्लेम नाही, पण…” या तीन उत्तरांना होकार समजून पुढे गेलेल्या कित्येक मीटिंग मी पाहिल्या आहेत. विशेषतः ‘तसा काही प्रॉब्लेम नाही, पण’ यातला ‘पण’ उच्चारून माणूस थांबतो आणि समोरचा ऐकून घेतो आहे का याचा अंदाज घेतो. तिथे सुलभकाने घाई न करता “पण?” एवढेच म्हणून वाट पाहावी. पाच-सहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते. ती सहन करता आली पाहिजे, कारण त्या शांततेनंतर येणारे वाक्य हेच बहुधा त्या मीटिंगचे प्रयोजन असते.

पुण्यात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर टीममध्ये मला मीटिंग पाहायला बोलावले होते. नऊ जण होते, त्यांतील सात मराठी, दोघांना हिंदी उत्तम येत होते आणि चर्चा मात्र पूर्ण इंग्रजीत चालली होती. टेस्टिंग करणाऱ्या एका तरुणीला मत विचारले तेव्हा तिने इंग्रजीत एवढेच सांगितले की काही अडचणी आहेत, पण त्या सोडवता येतील. मी सुलभकाला खुणेने सांगून तिला मराठीत विचारायला लावले, तेव्हा तिने चार मिनिटे सलग, उदाहरणासह सांगितले की पेमेंट झाल्यावर नेट गेले तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात आणि ही गोष्ट तिला तीन दिवसांपूर्वीच आढळली होती. तिला इंग्रजी येत नव्हते असे नाही. पण परक्या भाषेत आक्षेप घेताना व्याकरणाचा आणि विषयाचा असा दुहेरी धोका पत्करावा लागतो आणि बहुतेक जण दोन्ही टाळतात. म्हणून माझा आग्रह असतो की इतिवृत्त हवे तर इंग्रजीत लिहावे, पण चर्चा ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेत होऊ द्यावी, आणि ज्यांना मराठी येत नाही त्यांच्यासाठी दर पाच-सात मिनिटांनी कोणीतरी हिंदीत किंवा इंग्रजीत गोषवारा सांगावा. हा गोषवारा राहिला, तर त्या दोघांवर आपण तोच अन्याय करतो.

पुढचा प्रश्न बोलण्याच्या क्रमाचा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात काही प्रयोग केले. कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, इतका सोपा प्रश्न होता. पण खोलीतील एक सोडून बाकी सगळे प्रयोगकर्त्याला सामील होते आणि ठरवून चुकीचे उत्तर देत होते. एकटा पडलेला तो माणूस अशा वेळी सुमारे एक तृतीयांश वेळा डोळ्यांनी दिसणारे सोडून बाकीच्यांची री ओढत असे. मात्र दुसऱ्या एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी त्याचे चुकण्याचे प्रमाण आधीच्या एक चतुर्थांशावर येई. मीटिंगसाठी यातून दोन गोष्टी निघतात. साहेब आधी बोलले तर नंतरची मते ही मते उरत नाहीत. आणि वेगळा सूर लावणारा एक जण जरी पुढे आला, तरी दबलेली मते बाहेर येतात.

त्यामुळे सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याने आधी आणि प्रमुखाने शेवटी बोलावे, हा नियम मी जवळजवळ कधीच मोडत नाही. त्याहून उपयोगी पडते ते आधी लिहिणे. प्रश्न फळ्यावर लिहायचा, प्रत्येकाला एक कागद द्यायचा, तीन मिनिटे कोणीही बोलायचे नाही, आणि मग एकेकाने आपण लिहिलेले वाचून दाखवायचे. एकदा लिहिलेले मत साहेबांचा चेहरा पाहून बदलणे अवघड जाते. डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिले होते की एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटापेक्षा, तेवढ्याच माणसांनी वेगवेगळे बसून काढलेल्या कल्पना एकूण जास्त भरतात, आणि याचे मुख्य कारण म्हणजे एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते, त्यात सुचलेले निसटून जाते.

ज्या शहरात १८७५ पासून वसंत व्याख्यानमालेची परंपरा आहे, तिथे छान बोलणाऱ्या माणसाला अडवणे कोणालाच प्रशस्त वाटत नाही आणि त्यामुळे एकच वक्ता मीटिंगची वीस मिनिटे सहज घेऊन जातो. पण २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी ६९९ जणांच्या छोट्या छोट्या गटांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात असे दिसले की गटाची एकत्रित बुद्धी त्यातील सर्वांत हुशार माणसाच्या बुद्धीशी फारशी जुळत नाही. बोलण्याची संधी साधारण सारखी वाटली जाते का आणि माणसांना एकमेकांच्या भावना ओळखता येतात का, यांच्याशी ती अधिक जुळते. लांबण लावणाऱ्याला थांबवताना “तुमचा मुद्दा मी असा लिहिला आहे, बरोबर आहे का?” असे म्हणून तो फळ्यावर लिहून दाखवावा. आपला मुद्दा पोहोचला याची खात्री नसते, म्हणूनच बहुतेक लोक तो पुन्हा पुन्हा सांगत असतात.

गप्प बसण्याची किंमत किती मोठी असू शकते हे विमानवाहतुकीने फार कष्टाने शिकले. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने, दुसरे विमान अजून धावपट्टीवरच असेल का, अशी शंका काढली होती. अत्यंत अनुभवी अशा कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली आणि पुन्हा कोणी बोलले नाही. या आणि अशाच काही अपघातांनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणातच बदल झाला. कनिष्ठाने शंका कशी मांडायची हे शिकवले जाऊ लागले आणि कॅप्टनने ती कशी ऐकायची हेही. हा दुसरा भाग आपल्या कार्यालयांमध्ये जवळजवळ कोणीच शिकवत नाही.

माझ्या अनुभवात सगळे काही त्यावरच अवलंबून असते. कोणीतरी नको असलेली बातमी सांगितली, की पुढच्या दहा सेकंदांत प्रमुख काय करतो याकडे खोलीतील प्रत्येक जण पाहत असतो. “मोकळेपणाने बोला” हे शंभर वेळा सांगून जे होत नाही, ते या दहा सेकंदांत घडते किंवा कायमचे बिघडते. खराडीतील एका मीटिंगमध्ये एका मुलाने सांगितले की जुना डेटा नव्या सिस्टिमवर न्यायचा आहे, पण बॅकअप परत चालू होतो का हे कोणी तपासलेलेच नाही. प्रमुखांचा चेहरा उतरला. त्यांनी लॅपटॉप मिटला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “बरं झालं आत्ता सांगितलंस. तुझ्या हे कसं लक्षात आलं?” तो मुलगा सावरून बसला आणि सांगू लागला, पाठोपाठ आणखी दोघांनी आपापल्या शंका बाहेर काढल्या. त्या प्रश्नात ‘कसं’ होते. त्या जागी ‘कधी’ आले असते, तर ‘इतके दिवस का लपवलेस?’ हा त्याचा अर्थ झाला असता आणि तो मुलगा त्या वाक्याला उत्तर देत बसला असता. “कोणी केलं?” आणि “कसं झालं?” यांतही एवढेच अंतर आहे.

कधी तोल जातोच. डेडलाइन अंगावर आली असताना प्रमुख रागावला, तर ती गोष्ट दुरुस्त करता येते, मात्र चार लोकांत रागावलो असू तर चार लोकांतच “काल माझं चुकलं, तुम्ही सांगत होतात ते मला ऐकायचं आहे” असे म्हणावे लागते. केबिनमध्ये बोलावून एकट्याला सांगितलेली दिलगिरी बाकीच्यांपर्यंत पोहोचत नाही आणि त्यांनी पाहिलेला राग तेवढा उरतो. आणखी एक पथ्य फार कडक आहे: मीटिंगमध्ये कोणी स्वतःहून सांगितलेली चूक पुढे अप्रेझलच्या वेळी त्याच्याच विरुद्ध काढली, तर कितीही कुशल सुलभक आणला तरी त्या टीममध्ये पुन्हा कोणी बोलणार नाही. वारंवार निष्काळजीपणा करणाऱ्याशी बोलावे लागतेच, पण ते वेगळ्या वेळी आणि वेगळ्या पुराव्यावर.

निर्णय मोठा असेल, तर आणखी एक पद्धत मी सुचवतो. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ती आहे. काम सुरू होण्याआधीच टीमला सांगायचे की एक वर्ष उलटून गेले आहे आणि आपला प्रकल्प पार फसला आहे. तो का फसला ते प्रत्येकाने लिहून काढा. एरवी जो माणूस आक्षेप घेऊन अपशकुनी ठरला असता, तो इथे सांगितलेले काम चोख करणारा ठरतो. भोसरीच्या त्या सोमवारी कोणी हा प्रश्न विचारला असता, तर घासलेल्या पिनेचे नाव पहिल्या कागदावर आले असते अशी माझी खात्री आहे.

टीममध्ये काही बदलते आहे का, हे ओळखण्यासाठी मी प्रमुखांना एक साधी वही ठेवायला सांगतो. महिनाभरात समोर आलेली प्रत्येक अडचण तिच्यात लिहायची आणि तिच्यापुढे ती आपल्याला पहिल्यांदा कुठे कळली ते नोंदवायचे: मीटिंगमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर खासगीत, जिन्यात, टपरीवर की थेट ग्राहकाच्या ईमेलमधून. सुरुवातीच्या महिन्यात ‘मीटिंगमध्ये’ असे फार थोड्या ओळींपुढे लिहिले जाते. दुसऱ्या महिन्यात एकूण अडचणींची संख्याच वाढते आणि अनेक प्रमुख तेव्हा घाबरून मला फोन करतात. मी त्यांना रुग्णालयातील त्या वॉर्डांची हकीकत सांगतो आणि वही पुढे चालू ठेवायला सांगतो.